पुनमचा वाल

आमच्या गल्लीत आता माती दिसत नाही. लातूरचा हा भाग आधी रान होता, मग प्लॉट पडले, मग क्लासेस आले आणि गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन राहू लागली. ज्यानं त्यानं घरावर मजले चढवले. आम्हीही चढवले, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू? गल्लीत एकच घर बैठं राहिलं, ते जगदेवीबाईंचं. पुढे दोन खोल्या आणि मागे ऐसपैस मोकळी जागा. त्यात वांगी, मेथी, चुका, अंबाडी, कडेला दोडका आणि मधोमध मांडवावर चढवलेला वाल. सोन्यासारख्या जागेत म्हातारी भाजी लावून बसलीय, असं लोक म्हणायचे. त्या लोकांत मीही होते.

मी शाळेतून निवृत्त झाले, पण माझी जीभ काही निवृत्त झाली नाही. माझा मुलगा सर्वेश परदेशात आहे आणि आमचे हे काही बोलायचं झालं तर वर्तमानपत्र वर करतात. त्यामुळे बोलायला मला जगदेवीबाईच. त्या मला 'बाई' म्हणायच्या आणि माझं सगळं ऐकून घेऊन शेवटी करायचं तेच करायच्या.

त्यांचं गाव औश्याकडचं. भूकंपाच्या रात्री त्या थोरल्या दयानंदला घेऊन माहेरी गेल्या होत्या. घरी नवरा आणि धाकटी पुनम. दगडमातीचं घर होतं, दोघांवर बसलं. पुढे कितीतरी दिवसांनी, पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना, त्या एकदा घराचा ढिगारा बघायला गेल्या. तर न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला वालाचा वेल दगडांवर पसरला होता आणि शेंगा वाळून खुळखुळत होत्या. ते बी पावसाळ्याच्या तोंडाला पुनमनं बोटानं मातीत खोचलं होतं. जगदेवीबाईंनी पदर भरून शेंगा आणल्या. बाकी त्या घरातून काही निघालं नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या तो वाल लावत आल्या. दयानंदच्या शिक्षणासाठी लातूरला आल्या, मेसमध्ये पोळ्या लाटल्या, ही जागा घेतली, तो शिकून पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं. वाल चालूच. जांभळी फुलं, काठाला लालसर रेघ असलेली शेंग. 'वाल' असं नुसतं त्या कधी म्हणत नसत. "पुनमचा वाल फुलला, बाई," असं सांगायला यायच्या. शेंगा साऱ्या गल्लीला वाटायच्या. पण चांगल्या भरदार शेंगांना त्या चिंधी बांधत, म्हणजे ती शेंग बियाला सोडली, तिला कुणी हात लावायचा नाही.

आपल्याकडे कुणी बी मागितलं तर नाही म्हणू नये, अशी रीत आहे. मी एकदा मागितलं. जगदेवीबाई म्हणाल्या, "शेंगा लागतील तेवढ्या न्या, बाई. बी न्हाई देणार." मी रीतीचा दाखला दिला. त्यांनी माझ्या पदरात आणखी मूठभर शेंगा टाकल्या. मला राग आला आणि तो मी बरेच दिवस जपला.

एका वर्षी येळवस जोरात झाली. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आख्खा जिल्हा शेतात जातो. जगदेवीबाईंना इथं शेत नाही, म्हणून त्या मांडवाखालीच कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करत, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करत आणि मग शेंगा, दाणे, पालेभाज्या सगळं बेसनात एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, उंडे. समोरच्या हॉस्टेलच्या पोरींनाही बोलावत. त्या वर्षी वाल असा लगडला होता की मांडव वाकला होता. चिंध्या तर किती बांधल्या होत्या! भज्जीही नेहमीपेक्षा दाट झाली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि वर मीठ जरा जास्त झालंय असंही सांगितलं.

संक्रांत झाली आणि एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. मी गच्चीवरचे कपडे काढून खाली येते तोवर गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. खिडकीतून बघते तर जगदेवीबाई गोधडी घेऊन मांडवाकडे धावताहेत. मी ओरडले, "अहो, डोकं फुटेल, घरात व्हा!" त्यांना ऐकू गेलं नाही. मांडवावर गोधडी टाकायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. गोधडी भिजून जड झाली आणि मांडव त्या वजनानं बसला. मग त्या तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

पाऊस थांबल्यावर मी गेले. मेथी जमिनीत गेली होती, वांग्यांचे नुसते खराटे उरले होते. जगदेवीबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि त्या गारांच्या चिखलात बसून चिंध्या बांधलेल्या शेंगा हुडकत होत्या. एक शेंग त्यांनी माझ्यासमोर नखानं फोडली.

"दुधात हाय दाना," त्या म्हणाल्या. "उगवायचा न्हाई."

"मागच्या वर्षीचं बी असेल की डब्यात. राखेत घालून ठेवता ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते तुमी खाल्लं की, बाई. येळवशीला."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या सासूची शिस्त होती, नवं बी वेलावर धरलं की जुनं येळवशीच्या भज्जीत शिजवायचं. जुनं ठेवलं तर नव्यावर विश्वास नाही असं होतं. इतकी वर्षं त्या तसंच करत आल्या आणि दर वर्षी नवं हाती आलं. त्या वर्षी जुनं बी जास्त उरलं होतं, भज्जी म्हणूनच दाट होती. मी दोनदा वाढून घेतलेली.

मी खाली बसून त्यांच्याबरोबर शेंगा हुडकू लागले.

दयानंदचा फोन आला. "आई, आता तरी भाड्याच्या रूम बांधू. ऱ्हायलंय काय तिथं?" फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच होते. "मांडव उबा करायचाय," एवढंच म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, कारण बंद कुठं करायचा ते त्यांना कधी जमलं नाही. मग त्या आत जाऊन रडल्या. दाराबाहेर ऐकू येत होतं. आत जावं की नाही ते मला ठरवता आलं नाही, मी ओट्यावर बसून राहिले.

उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, "बाई, गावाकडं येता का? नागम्माकडं असंल तर बघू." नागम्मा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. मी गेले. जुन्या गावापासून दूर वसवलेलं नवं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. नागम्माबाईंनी गूळपाणी दिलं, कपाळाचा डाग कशाचा ते विचारलं. जगदेवीबाईंनी गारांचं सांगितलं आणि हळूच विचारलं, "पुनमचा वाल हाय का गं तुझ्याकडं? जांभळ्या फुलाचा?"

नागम्माबाई बराच वेळ तांब्या पुसत राहिल्या.

"कुठून असंल, अक्का? दोन डाव मागितलं तुला. दयानंदच्या लग्नात बी मागितलं. न्हाई म्हणलीस." मग तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "तू शेतात गेलीस की दिवसभर माझ्यापशी असायची ती. माजी बी हुती की गं पुनम."

जगदेवीबाई पदर सावरून उठल्या. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीकडे तोंड केलं ते लातूर येईपर्यंत. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नव्हती.

पाऊस पडल्यावर त्यांनी चिखलातून वेचलेले ते सुरकुतलेले दाणे आधी लावले. रोज उकरून बघायच्या. दाणे कुजले. मग एक दिवस गंजगोलाईतून बाजारचं बी आणलं आणि नव्या मांडवाच्या बुडाशी टोचलं. वेल झपाझप चढला, माणसाचं दुःख त्याला काय ठाऊक! दिवाळीच्या सुमारास फुलं आली. पांढरी. मला बोलवायला त्या आल्या नाहीत, मीच गेले. त्या वेलाखाली उभ्या होत्या.

"पांढरीच येनार हुती," त्या म्हणाल्या. "मला ठाव हुतं. तरी रोज बघत ऱ्हायले."

येळवस आली. कोप झाली, पूजा झाली, हॉस्टेलच्या नव्या पोरी आल्या. भज्जीत हिरव्या शेंगा होत्या. बाजारच्या बियातली उरलेली मूठ मात्र राखेतच राहिली, जगदेवीबाईंनी ती शिजवली नाही. मी मिठाबद्दल काही बोलले नाही.

शेंगा वाळल्या तेव्हा आधी त्या नव्या बियाची पुरचुंडी घेऊन एकट्याच एसटीनं नागम्माबाईंकडे जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परात घेऊन गल्लीत निघाल्या. कुणी मागितलं नव्हतं तरी दारोदार थांबून मूठमूठ बी देत होत्या. गल्लीत लावायला माती कुणाकडेच नव्हती, तरी लोक घेत होते. माझ्या ओंजळीत त्यांनी दोन मुठी टाकल्या.

"रंगाच्या डब्यात लावा, गच्चीवर. माझ्यापशी न्हाई ऱ्हायलं तर मागायला येते."

मी दाणे हातावर पसरून बघितले. मग विचारलं, "याला काय म्हणायचं हो, जगदेवीबाई?"

त्यांनी परात कमरेवर घेतली.

"वाल," त्या म्हणाल्या. "नुस्ता वाल, बाई." आणि पुढच्या दाराकडे गेल्या.