यार्देनमास्तरांचं बैरशेबा

नोव्हेंबर १९४८, रविवार सकाळ. ठिकाण: कळव्याच्या पुलाची ठाण्याकडची बाजू. हजर: मास्तर, त्यांची एकुलती मुलगी लेया, जावई शालोम, त्याच्या कडेवर तान्हा दाऊद, शास्त्राच्या वर्गातली सगळी मुलं आणि हजेरी घेणारी मी, लेयाची शेजारची मावशी. गैरहजर कोणी नाही. मास्तरांच्या वर्गाला सहसा कोणी गैरहजर राहत नसे, कारण तो उघड्यावर भरे आणि शेवटी भजी मिळत.

मास्तरांना ठाण्यातला पत्ता साध्या भाषेत सांगता येत नसे. ठाण्याची खाडी ही त्यांची यार्देन नदी, म्हणून त्यांचं नाव यार्देनमास्तर पडलं. पलीकडचा पारसिकचा डोंगर म्हणजे मवाब देश. पश्चिमेला येऊरचे डोंगर, तिथे यरुशलेम. उत्तरेला बाळकुम, कोलशेत, म्हणजे गालील. एकदा एका पाहुण्याने त्यांना बाळकुमची वाट विचारली. मास्तर म्हणाले, "नदी उजव्या हाताला ठेवून सरळ गालीलात जा." पाहुण्याने मला हळूच विचारलं, "यांचं डोकं बरं आहे ना?" मी सांगितलं, "डोकं बरं आहे, फक्त मुक्काम दुसरीकडे आहे."

आम्ही बेने इस्राएल. कोकणातून ठाण्यात येऊन पिढ्या गेल्या, घरात मराठी, प्रार्थनालयात हिब्रू. शास्त्रातल्या गावांची नावं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, पण ती आभाळात कुठेतरी असावीत असं वाटे. मास्तरांनी ती जमिनीवर आणली. दिवसभर म्युनिसिपल शाळेत ते भूगोल शिकवत आणि रविवारी आमच्या मुलांना हा दुसरा भूगोल. "दान ते बैरशेबा, म्हणजे अख्खा देश, केवढा?" असं विचारून ते स्वतःच उत्तर देत, "ठाण्याहून मनमाडला गेलात की संपला. सकाळी निघा, संध्याकाळी परत या." मुलांचा थोडा हिरमोड होई. एवढ्याशा देशासाठी एवढी मोठी पोथी, असं एकीने म्हटलंही होतं. मास्तर म्हणाले, "घर लहान असलं की भांडणं जास्त, बाळ."

मृत समुद्र दाखवायला ते मुलांना कोपरीच्या मिठागरांवर नेत. लोटाची बायको मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते, ही गोष्ट तिथे बांधावर उभं राहून सांगत. मिठागरावरचा एक आगरी म्हातारा फावड्यावर रेलून ऐकत होता. तो म्हणाला, "मास्तर, बाईचा मीठ झाला? आमची रोज सांजच्याला व्हते." सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले. असं हसताना मी त्यांना त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

कारण मग माणसं निघू लागली. तिकडे इस्राएल हा नवा देश झाला होता. या आठवड्यात या घरी निरोपाचा मलिदा, म्हणजे प्रार्थना आणि गोड पोहे, पुढच्या आठवड्यात त्या घरी. जाणाऱ्यांना बोटीपेक्षा पुढची काळजी जास्त. तिथे उतरल्यावर कुठे राहायला मागायचं? आणि ठाण्यात हे विचारायला एकच माणूस होता. दर शनिवारी दिवेलागणीला शब्बाथचा विसावा सुटला की मास्तरांच्या ओटीवर लोक जमत. मास्तर कधी तिथे गेलेले नव्हते, हे कोणाच्या मनात येत नसे. त्यांच्याही येत नसे. इतकी वर्षं ते रोज त्या देशातूनच तर चालत होते.

शालोमचं मन हैफाकडे होतं. तो फिटर, त्याचे दोन चुलतभाऊ तिथल्या बंदरात लागलेले. मास्तरांनी ऐकलं आणि मान हलवली.

"बंदर काय करायचंय? खारं पाणी ठाण्यात कमी होतं का? बैरशेबा मागा. आब्राहामाने विहीर खणली ती तिथे. इसहाकाला पाणी लागलं ते तिथे. झाड लावलं तेही तिथे. ज्या गावाच्या नावातच विहीर आहे तिथे माणूस तहानेने मरत नाही."

"मामा, पण काम?"

"पाणी असलं की काम येतं. पोराला घेऊन जातोयस, आधी पाणी बघ."

लेया म्हणाली, "बाबा, ते सगळं फार पूर्वीचं झालं ना?"

"विहिरी कुठे जातात, बाळ? माणसं जातात."

आमच्याकडे वडीलधाऱ्याने सांगितल्यावर पुढे बोलत नाहीत. ती तिघं १९५१च्या सुरुवातीला गेली. मास्तर पेन्शन झाली की मागून जाणार होते. मी सामान बांधायला मदत केली. लेयाने पाट्याचा वरवंटा घेतला, पाटा जड म्हणून ठेवला.

त्याच वर्षी पावसाळ्यात शालोमचं पत्र आलं आणि मास्तरांनी ते मला वाचायला दिलं. बैरशेबाच्या छावणीत तंबू, दिवसभर वाळूचं वारं. पाणी लॉरीतून येई, तेही रोज नाही. फिटर शालोम रस्त्याची खडी फोडत होता. उन्हाळ्यात दाऊदला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. विहीर गावात आहे, असंही त्याने लिहिलं होतं, बघायला जायला जमलेलं नाही.

आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं ते आईबाप, नवराबायको, मुलं आणि भावंडं यांच्यासाठी. नातवासाठी आजोबांनी बसायचं, असं शास्त्रात नाही. मास्तर शास्त्र सोडून वागणारे नव्हते, ते बसले नाहीत. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाले, "कशाला आणलंस? हे सुतक माझं नाही." रविवारी वर्गाला आले. मुलांना खाडी दाखवली आणि म्हणाले, "ही ठाण्याची खाडी." थोड्या वेळाने मीच मुलांना घरी पाठवलं.

लोकांनी विचारणं थांबवलं. काहींनी टोमणे मारले. प्रार्थनालयाच्या पायरीवर एकाने त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, विहिरीचं पाणी गोड आहे का?" मास्तर थांबले, त्याच्याकडे बघून म्हणाले, "मला माहीत नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या वर्षी तिकडून काही कुटुंबं परत आली, त्यांत लेया आणि शालोम होते. शालोमला कल्याणला रेल्वेत काम मिळालं. लेयाने ठाण्यात पाऊल टाकलं नाही. दर बुधवारी शाळा सुटली की मास्तर कल्याणला जात. एकदा मी बरोबर होते. तिने दार उघडलं, चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली आणि पाठ करून निवडणं घेऊन बसली. मास्तरांनी चहा पिऊन कप स्वतः विसळला. "येतो, बाळ." सुपाचा आवाज थांबला नाही. परतताना मी म्हटलं, "दर आठवड्याला कशाला येता?" ते म्हणाले, "ती दार उघडते."

१९५६मध्ये त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मला जवळ बोलावलं.

"लेयाला एक विचारून येशील? पोराला कुठे पुरलंय? गावाच्या कोणत्या बाजूला? याकोबाची राहेल कुठल्या वाटेवर पुरली ते मी मुलांना शिकवलं. दाऊदचं मला माहीत नाही."

मी त्याच दिवशी कल्याणला गेले. लेयाने सगळं ऐकून घेतलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "त्यांना सगळी ठिकाणं माहीत आहेत, मावशी. एवढं एक माझ्याकडे राहू दे."

मी परत येऊन मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यानंतर काही दिवसांनी एका पहाटे ते गेले.

लेया आली. सातही दिवस बापाच्या घरात जमिनीवर बसली. आलेल्यांना पाणी देण्याचं, दिवा बघण्याचं काम माझ्याकडे होतं. शेवटच्या दिवशी सगळे उठले, मी चटया गोळा करत होते. ती तशीच भिंतीला टेकून होती.

"पूर्वेला," ती म्हणाली.

"काय पूर्वेला?"

"गावाच्या पूर्वेला, उतारावर. झाड नाही. शालोमने तीन दगड ठेवले होते, वाऱ्याने वाळू चढली असेल." मग चटईची कड सरळ करत म्हणाली, "कबरीवर गेलात की त्यांना सांगा, मावशी. माझ्याच्याने होणार नाही."

कबरीवर दगड बसवायचा त्या दिवशी सगळे कबरस्तानात जमतील, तेव्हा हळूच सांगावं असं मी ठरवलं. पाथरवटाला मजकूर दिला आहे, नाव कोरून झालं आहे. दोनदा निरोप पाठवला. पावसामुळे दगड अजून आलेला नाही आणि मास्तरांना सांगायचं राहिलं आहे.