जयाचा उपजत हात

सेलूत कुणाकडे नवा जावई आमरसाला यायचा असला, की आंब्याच्या आधी मनकर्णाबाईची चौकशी व्हायची. ती मोकळी असेल तोच दिवस ठरायचा. चुलीवर उलटा घातलेला माठ तापला, की ती परातीतून कणकेचा लिबलिबीत गोळा उचलायची, या हातावरून त्या हातावर टाकायची, आणि बघणारा नीट बघेपर्यंत तो कोपरापर्यंत ओघळलेला असायचा, पलीकडचं दिसेल इतका पातळ. तसाच माठावर अंथरायचा, झाला मांडा. लाटणं नाही, पोळपाट नाही. नऊ वर्षांची असताना आईचं पाहून तिनं गंमत म्हणून गोळा उचलला होता. पहिलाच मांडा अख्खा उतरला, दुसराही. आईनं तिची दृष्ट काढली आणि विषय तिथंच संपला.

त्यामुळे आपल्या कलेचं मनकर्णाबाईला फारसं काही वाटायचं नाही. जे मागितलं नाही, ज्याच्यासाठी एक दिवस झिजलो नाही, त्याचा तोरा कसला मिरवायचा? तिला तोरा होता तो एकाच गोष्टीचा. ती म्हणजे जया.

जया तिची धाकटी जाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी पिपरी मेघेहून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या हातांची अशी तऱ्हा होती, की ती चहा घेऊन आली तर पाहुण्यांनी आधी मांडीवरचं पोर बाजूला ठेवावं. सासू यशोदाबाई चार माणसांत बोलल्या, "हिच्या हाताले बोटं आहेत का खुंट्या?" त्या दिवशी जयानं मनाशी धरलं, की मांडेच शिकायचे. दुसरं काही सोपं धरायचं तर नाही!

भांडी घासून झाली की दुपारी दोघी जावा परात घेऊन बसायच्या. कणीक आपटून आपटून तिला तार कशी आणायची, पाण्याचा हात केव्हा लावायचा, मनगट कुठं सैल सोडायचं, सगळं मनकर्णाबाईनं दाखवलं. आणि दाखवताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगताच येत नाही. तिचा हात आपोआप चालायचा. मग ती स्वतःचाच हात सावकाश चालवून बघायची, कुठं काय होतं ते शोधायची आणि जयाला सांगायची. जयाला शिकवायचं म्हणून ती स्वतः पहिल्यांदा शिकली, म्हणा ना. मांडे मात्र रोज फाटायचे. फाटक्या मांड्यांचा गूळ घालून केलेला काला खाऊन घरातली माणसं इतकी वैतागली, की गुळाचा डबा दिसला तरी उठून जायची.

पाचव्या महिन्यात जयानं गोळा परातीत आपटला. "बाई, माह्याच्यानं होत नाई. मी माहेरी चालली."

तेव्हा मनकर्णाबाई खोटं बोलली.

"येडी झाली का व? तुह्या मनगटाले जन्माचीच गोलाई आहे. माह्या मायचं मनगट असंच होतं. तुह्या हातात हे उपजतच आहे, जया. फक्त बाहेर याले टाइम लावून राह्यलं."

असलं काही नव्हतं. जयाचं मनगट मुसळासारखं सरळ होतं, आणि उपजत म्हणावं असं तिच्यात काही असलंच तर तो हट्ट होता. पण पोरीनं डोळे पुसले, पुन्हा परात ओढली, आणि पुढं सहा महिन्यांनी तिचा पहिला मांडा माठावरून अख्खा उतरला. मनकर्णाबाईनं तो ताटात घेऊन चार घरी दाखवून आणला. कुणालाही त्याचा तुकडा मोडू दिला नाही. आपण नऊ वर्षांच्या असताना केलेल्या मांड्यापेक्षा हा मांडा मोठा, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं. तिच्या मांड्याला काहीच लागलं नव्हतं. याला दोन बायकांचे अकरा महिने लागले होते.

दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून मनकर्णाबाईचं मनगट मोडलं. पट्टी बसली, हाड जुळलं, पण हात पूर्वीसारखा वळेना. लग्नाकार्याची बोलावणी जयाला येऊ लागली. मनकर्णाबाईनं त्याचं दुःख केलं नाही, कारण गावात अजून म्हणत, "जया ना? मनकर्णाबाईच्या हाताखालची आहे ती." आपला हात गेला तरी आपण जयाच्या हातात आहोत, एवढ्यावर ती निवांत होती.

यंदाच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका संस्थेतल्या रीता मॅडम आल्या. जिल्ह्यात कुणाच्या हातात काय कला आहे याचं पुस्तक निघणार होतं. फोटो, खाली नाव, आणि त्याखाली गुरूचं नाव. मॅडमनी दाखवलेला फॉर्म मनकर्णाबाईनं ओळीखाली बोट ठेवून वाचला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण वाचलं सगळं. सातव्या रकान्यात लिहिलं होतं: कला उपजत की शिकलेली? शिकलेली असल्यास कोणाकडून?

तिचं बोट त्या रकान्यावर जरा जास्तच वेळ राहिलं. "मॅडम," ती म्हणाली, "मनकर्णा लिहितानी णा वरती रफार येते. लोक विसरते." मॅडम हसल्या. जयानं मांडे करून दाखवायचा कार्यक्रम होता, फॉर्म त्या दिवशीच भरू, म्हणाल्या.

कार्यक्रम वर्ध्याला होता. दोघी एसटीनं गेल्या. मनकर्णाबाई अंजिरी रंगाचं नवं पातळ नेसून पुढच्याच रांगेत बसली. जयानं त्या दिवशी कमाल केली. मांडा असा पसरला, की मागची माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. मॅडमनी माइक तिच्यापुढं धरला. "कुणाकडून शिकलात हे?"

मनकर्णाबाईनं पदर सारखा केला.

"कोणाकडून नाई," जया म्हणाली. "हे माह्या हातात उपजतच होतं. जन्मापासूनचं आहे."

टाळ्या पडल्या. मनकर्णाबाईनंही वाजवल्या. अर्थ डोक्यात शिरेपर्यंत हात वाजतच राहिले. मग मॅडमनी सातव्या रकान्यात एक शब्द लिहिला, पुढं आडवी रेघ ओढली, आणि ती रेघ पुढच्या रांगेतून स्वच्छ दिसली.

परतीच्या एसटीत पवनार मागं पडलं. मग मनकर्णाबाई म्हणाली, "जया, तू असं काऊन सांगतलं?"

"कसं?"

"कोणी शिकोलं नाई म्हणून."

जयाला खरंच नवल वाटलं. "बाई, तुमीच त सांगतलं होतं. माह्या मनगटाले जन्माचीच गोलाई आहे म्हणे. मी तेच बोलली."

"ते मी खोटं बोलली होती, माय. तू माहेरी चालली होती म्हणून. तुह्या हातात काईच नव्हतं. आपण दोघीनं आणलं ते. अकरा महिने आठवत नाई तुले?"

"सुरवातीले सगळ्यायचेच फाटते." जया खिडकीबाहेर बघू लागली. तिकडंच तोंड ठेवून म्हणाली, "आज माहं नाव झालं तवा तुमाले हे आठवलं. तुमचा हात गेला, आता माहा पाहवत नाई, असं सांगा न सरळ."

मनकर्णाबाई खोटं बोलली तेव्हा या पोरीनं डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आज खरं बोलली, तर ती जळकी ठरली. आणि भांडावं तरी कुणाशी? जयानं वापरलेला 'उपजत' हा शब्द मनकर्णाबाईनंच दिलेला होता. विश्वासघात हे नाव तिला फार मोठं वाटलं, पण सेलूचा स्टँड आला तरी दुसरं सापडलं नाही. नाव छापलं नाही याचं दुःख होतंच, कशाला नाकारा. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की जयानं स्वतःचे अकरा महिनेही टाकून दिले होते. ज्या मेहनतीची मनकर्णाबाई चार घरी फुशारकी मारून आली, तिची जयाला लाज वाटत होती.

वर्तमानपत्रात फोटो आल्यावर जयाकडं पोरी शिकायला येऊ लागल्या. अंगणात माठ चढला. मनकर्णाबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसायची. पलीकडच्या गल्लीतली आचल चार दिवस येत होती. चारही दिवस तिच्या गोळ्याला भोकं पडली. पाचव्या दिवशी जयानं तिच्या हातातून गोळा काढून घेतला. "तुह्या हातात हे नाई, माय. हे शिकवून येत नसते. उगा कणीक नको नासवू."

आचल हात धुवायला उठली. तिचा चेहरा पाहून मनकर्णाबाईला राहवलं नाही.

"बस खाली," ती ओट्यावरून म्हणाली. "येते हे. वरीस लागन, पण शिकून येते."

आचल थबकली. "असं शिकून कोणाले आलं का, आजी?"

मनकर्णाबाईनं जयाकडं पाहिलं. उत्तर जयानं द्यायचं होतं, आणि जयाला ते माहीत होतं. तिनं पाण्याचा हात घेतला, गोळा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला. पोरी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"नाई," जया म्हणाली. "कोणालेच नाई."