मागच्या आवृत्तीची परवानगी

धाकटा भाऊ गेला तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. पनवेलातले नातेवाईक म्हणतात, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, नुसती बधिर झालेय.

त्याला एक खूळ होतं. फोनची नवी आवृत्ती आली की घरातले सगळे फोन गोळा करून लॅपटॉपला लावायचा. मागच्या आवृत्तीवर परत जायचं तर कंपनीची परवानगी लागते, आणि नवी आली की थोड्याच दिवसांत कंपनी जुनीची परवानगी देणं बंद करते. म्हणून हा ती आधीच मागून, प्रत्येक फोनची वेगळी फाइल करून ठेवायचा. पुढेमागे कोणीतरी त्या आवृत्तीला कंपनीने घातलेलं कुलूप फोडेल, मग फोन खरा आपला होईल, असं त्याचं म्हणणं. मी चिडवायचे, "लोणचं घाल त्या फायलींचं." तो म्हणायचा, "मुरू दे ताई. लागतील."

त्याचा जुना फोन फ्रीजवर असायचा, कायम चार्जरला. त्याचं कुलूप आधीच फुटलेलं, म्हणून त्यात त्याने कंपनीला न विचारता, स्वतः बनवलेलं एक ॲप घातलं होतं. हा सकाळीच खारघरला कामावर जायचा. मागे आईच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली की फोन त्याच्या आवाजात विचारायचा, "आई, गोळी घेतलीस?" आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "घेतली रे बाबा." कधीकधी न घेताच म्हणायची.

तो गेल्यावरही फोन विचारत राहिला आणि आई उत्तर देत राहिली. पहिल्या दिवशी मी गॅस बंद करून नुसती उभी राहिले. मग सवय झाली.

फोनने अपडेट मागितलं की 'नंतर' दाबायचं, हा आमच्या घरचा नियम. तो ओवे गावच्या मामांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मामा भिडस्त, कोणी काही मागितलं तर त्यांना नाही म्हणवत नाही. महिन्याच्या कार्याला आले, तेव्हा फ्रीजवरचा फोन सारखा मागताना दिसला. आईला पासकोड विचारला, तिने सांगितला. "कधीचा मागत हाय बिचारा, म्हणून दिला," असं मला सांगून ते पानावर बसले. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी फोन बोलला नाही; नव्या आवृत्तीने कुलूप पुन्हा घातलं होतं. ॲपवर बोट ठेवलं की उघडल्यासारखं करायचं आणि मिटायचं. आईने गोळी घेतली नाही. संध्याकाळी चक्कर येऊन मोरीत बसली. "विचारलं नाय त्याने," म्हणाली.

मी त्याचा लॅपटॉप उघडला. त्याच फोनची, नेमक्या त्याच आवृत्तीची परवानगी तिथे होती. आणि मग त्यानेच शिकवलेलं आठवलं. मागे जाता येतं, पण जाताना फोन पुसून कोरा होतो. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुनीवर चढत नाही. आवाज होता तो त्या ॲपच्या पोटात, दुसरीकडे कुठेच नाही. साऱ्या घराच्या फोनांची परतीची सोय केली या शहाण्याने, आणि स्वतःच्या आवाजाची एक साधी प्रत काढून ठेवली नाही. मला राग आला. इतक्या दिवसांत तेवढंच काय ते आलं.

आता ॲपच्या पोटातून आवाज काढायचा तर या नव्या आवृत्तीचं कुलूप कोणी फोडेपर्यंत थांबायचं. फोडेल की नाही, कोण जाणे. फोन वायफायवरून काढलाय, वर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहिलंय. या नव्या आवृत्तीचीही परवानगी मी मागून ठेवली. आवाज काढायला तिचा उपयोग नाही, तरी ठेवली. मामांचा अधूनमधून फोन येतो. "त्याचा फोन बरा हाय ना?" विचारतात. बरा आहे म्हणते.

सकाळी आता मीच विचारते, "आई, गोळी घेतलीस?" ती फ्रीजकडे बघत जरा थांबते. मग पाण्याबरोबर गोळी घेते. मला उत्तर देत नाही.