मुद्दाम ठेवलेला झोळ

१९५८ साल. मी बत्तीस वर्षांचा. त्या दुपारी हातातला ब्लाउज मशीनवर तसाच टाकून मी डॉक्टरअम्मांच्या दवाखान्यात भांडायला गेलो होतो. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात माझं शिलाईचं दुकान होतं आणि त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून.

भांडण माझ्या बहिणीसाठी, अंबूसाठी. एकोणीस वर्षांची पोर. पाळी आली की थांबायचं नाव नाही. ओठ पांढरे पडलेले, पाण्याचा हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी. आमची आई असंच रक्त जाऊन जाऊन गेली. पोटात गाठ होती, पण डॉक्टरला दाखवणार नाही म्हणून बसली ती बसलीच. अंबूचं मी ठरवलं होतं, दाखवायचंच. दोनदा तिला दवाखान्यात पाठवली. दोनदा ती पळून आली.

"तुम्ही काय केलंत तिला?" मी विचारलं.

डॉक्टरअम्मा हात पुसत म्हणाल्या, "काही करूच दिलं नाही तिनं. बदलायला गाऊन दिला, तो बघूनच गेली. लग्न न झालेली पोर इथवर येते तीच जीव मुठीत धरून."

मी गाऊन हातात घेतला. मागून उघडा. नाड्या बांधल्या तरी पाठ दिसणार. "हा ज्यानं शिवला त्याला परत मशीनला हात लावू देऊ नका."

"मग तुम्ही शिवा मास्टर. तोंड चालवायला काय लागतं?"

मी शाळेत दुसरीपर्यंत. पण कापडाच्या बाबतीत मला असं कुणी बोललेलं खपत नाही. म्हटलं, काय काम असतं ते सांगा. त्यांनी सांगितलं. पोरीनं टेबलावर आडवं व्हायचं, गुडघे वर घ्यायचे. आधी पोट दाबून बघायचं, मग लहानशा अवजारानं आतलं. एवढंच. मी फरशीकडे बघत ऐकलं. त्या काळी पुरुषाला असलं कुणी सांगत नसे.

आमच्याकडच्या पोरी नेसतात तसा घोळदार पावाडै शिवला, घोट्यापर्यंतचा परकर. पुढे शिवण नाही, दोन पदर एकमेकांवर वीतभर चढलेले. उभं राहिलं की बंद. डॉक्टरनं एक पदर सारला की काम होणार. कापड कडक, इस्त्री अशी की कड बोटाला लागावी. अंबूनं हात फिरवून बघितला. "हा चालेल, अण्णा."

तिला दवाखान्यात नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळात ती बाहेर, डोळे पुसत.

"आता काय झालं? सगळं झाकलेलं होतं ना?"

"झाकलं होतं म्हणूनच," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

मी आत जाऊन सांगितलं, "माझ्या शिलाईत खोट नाही."

"असं?" डॉक्टरअम्मांनी टेबलाकडे बोट केलं. "मग झोपून बघा."

नर्स तोंडावर हात धरून हसली. तिनं हसायला नको होतं. मी धोतरावरून पावाडै बांधला आणि चढलो.

वर पंखा फिरत होता, झोपेत असल्यासारखा. खिडकीतून समुद्राचा वारा, त्याला मिठाचा वास. गुडघे वर घेतले तसा पुढ्यात कापडाचा पांढरा डोंगर उभा राहिला आणि डॉक्टरअम्मा त्याच्या पलीकडे नाहीशा झाल्या. ट्रेमध्ये काहीतरी खणकन वाजलं. पाऊल सरकलं. कुणी बोलेना. डोळे मिटले तर आई दिसली, अशाच डोंगराच्या अलीकडे, एकटी. ती पलीकडे बघायला मान उचलत होती आणि डोंगर वाढतच होता. किती वेळ गेला कळलं नाही.

"काय करताय?" मी ओरडलो.

"काहीच नाही. नुसती उभी आहे."

माझा विश्वास बसला नाही. चेहरा दिसेना, मग विश्वास ठेवायचा कशावर?

उतरलो. पावाडै काखेत मारून दुकानात आणला आणि उसवला. आमच्या धंद्यात झोळ म्हणजे कापड नीट न बसता खाली लोंबणं. गिऱ्हाइकाला झोळ दिसला की शिंप्याची अब्रू गेली. माझ्या हातचा झोळ मद्रासेत कुणी बघितला नव्हता. आता तो मुद्दाम ठेवायचा होता. कडक कापड काढून मऊ मलमल घेतली, चुण्या काढून टाकल्या, आणि दोन गुडघ्यांच्या मधे कापड झोळीसारखं खाली बसेल एवढं सैल सोडलं. शिवताना हात मागे येत होता. अंग झाकलेलंच राहणार, पण झोळावरून पलीकडचं माणूस दिसणार.

अंबूला म्हटलं, "मी झोपून आलोय तिथं. पुन्हा चल."

"तुम्ही? टेबलावर?" ती कितीतरी दिवसांनी हसली.

त्या दिवशी ती लवकर बाहेर आली नाही. दारातून बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टरअम्मा काय करणार ते आधी सांगत होत्या, अंबू "हं" म्हणत होती. मी बाकाची कड धरून बसलो. शेवटी दार उघडलं.

"गाठ नाही," डॉक्टरअम्मा म्हणाल्या. "रक्त फार कमी झालंय. पाळी आवरायला औषध देते. रक्त वाढायला गोळ्या, आणि रोज शेवग्याचा पाला. पुढच्या महिन्यात परत आणा."

"मी येईन एकटी," अंबू म्हणाली.

मग डॉक्टरअम्मांनी पावाडै उचलून उजेडात धरला. "मास्टर, मधे झोळ राहिलाय."

"राहिला नाही. ठेवलाय."

एवढ्या वर्षांत मी एकच शिकलो. अंगावरचं कापड कसं बसतं ते बघणाऱ्याला विचारू नये, ज्याच्या अंगावर आहे त्याला विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि घरमालकाच्या भिंतीवर चढून त्याच्या शेवग्याचा पाला ओरबाडला. तो खालून ओरडत होता. धोतराचा ओचा भरेपर्यंत मी उतरलो नाही.