दूध संस्थेचा मधला खांब

ऐका, माझ्या तोंडानं मी आमच्या संस्थेचं छप्पर कसं घालवणार होते!

बायकांची दूध संस्था, अध्यक्ष मी. शाळा चौथीपर्यंत, पण इमारत आम्ही बायकांनीच उभी केली. विटा वाहिल्या, दुरून पाणी आणून मारलं. गावात तिच्याइतकं मजबूत काही न्हाई, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

पुढं दुष्काळ पडला. चारा न्हाई, दूध आटलं, जनावरं बाजारात न्यायची वेळ आली. तेवढ्यात मोबाइल कंपनीचा माणूस आला. छतावर टॉवर बसवू द्या, भाडं देतो म्हणाला. भाडं म्हणजे चारा! मी लगेच हो म्हणलं. पण आधी इंजिनिअर इमारत तपासणार होता.

आली एक तरणी पोर! हातोडीनं भिंतीवर टकटक करायली.

"कावून ठोकायलीस गं?"

"मावशी, स्लॅबला टॉवरचं वजन झेपेल का बघते."

झेपेल का? आमच्या स्लॅबला? माझं टकुरंच फिरलं. अंगणातल्या बायकांना म्हणलं, "चला गं वर! नाचून दाखवा हिला!"

त्यांना काय, निमित्तच पाहिजे. वर अशा फुगड्या धरल्या, की खाली पोरीच्या केसांत चुना पडायला लागला.

ती छताकडं बघतच राहिली. "मावशी, इथं मधे खांब होता का?"

"होता की! दूध थंड करायची टाकी आत बसंना. मीच पाडला."

"पाडला?"

"आगं, तेच सांगायले! खांब काढला तरी इमारत हलली न्हाई. इतकी मजबूत!"

पोर पांढरीफट्ट! बाहेर पळत ओरडली, "नाचू नका! हळूहळू खाली उतरा! मावशी, तुम्ही पण बाहेर!"

वरून माझी जाऊ म्हणते, "कावून? आत्ता तर रंगात आलोय!"

झालं. स्लॅबला टेकू लावावे लागले, छतावर टॉवर बसवायचं बारगळलं. बायका मला खाऊ का गिळू करायल्या. पण मी काय गप बसते? पोरीची वाटच अडवली. "छत न्हाई तर न्हाई. अंगण मोकळं हाय, तिथं रोव!"

तिनं जमीन तपासली, कंपनीशी बोलली, अन् उभा राहिला की टॉवर अंगणात! भाड्यातून चारा आला. एकबी जनावर बाजारात गेलं न्हाई. सांगा, कुणामुळं?

पाडलेल्या खांबाच्या जागी बांधलेला नवा खांब बघायला ती पोर आली, त्याच दिवशी संस्थेची बैठक होती. जावेनं उठून ठराव मांडला, "इंजिनिअर समोर असताना अध्यक्षबाईंनी तोंड उघडायचं न्हाई. कुणाचा विरोध?"

पोर माझ्या समोरच बसलेली. विरोध करायचा तर तोंड उघडावं लागतंय!

ठराव एकमतानं मंजूर.