सोनाबाई अडून बसली

मुळशीत युनियन आणली ती मी. म्हणजे, युनियनची पाटी आणली. पुण्याहून रंगवून घेतली आणि एस.टी.त मांडीवर धरून बसलो. रंग ओला होता. पौडला उतरलो तेव्हा 'युनियन' माझ्या पायजम्यावर उलटी छापलेली. धुऊन निघेना, म्हणून सगळ्यांनी मलाच अध्यक्ष केलं.

आमच्या आरोग्य केंद्रातले किस्से म्हणजे दवाखान्याचं धुणं. कितीही वाळत घाला, ढीग तेवढाच.

*

केंद्र नर्स आणि सुईणी शिकवायचं. शिकवायला मेट्रनबाई, शिकायला गावोगावच्या पोरी. पट्ट्या बांधायच्या सरावाला आम्ही शिपाई, आणि बाळंतीण व्हायला सोनाबाई आया. चादरीखाली चिंध्यांचं बाळ घेऊन अशी कण्हायची, की नव्या पोरींना रडू फुटायचं.

एकदा पायाची पट्टी न सोडताच मी महाळुंग्याला सासुरवाडीला गेलो. सासूनं कोंबडी कापली. रात्री पट्टी सुटली, ती सकाळी मी बांधली. सासू भाकरी थापता थापता म्हणाली, "जावयबापू, दुखनं ह्या पायातून त्या पायात कवा गेलं?"

*

युनियनची मागणी एकच. सोनाबाईला कायम करा. दर वर्षी परीक्षा झाली की तिला घरी बसवायचे आणि नवी बॅच आली की बोलावणं धाडायचे. मधले महिने बिचारी लोकांच्या शेतात रोजानं राबायची.

आम्ही मोर्चा काढला. पण वॉर्डात बाळं निजलेली, म्हणून घोषणा कुजबुजत दिल्या. मेट्रनबाई खिडकीत येऊन म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला, मागणी कळत नाही."

मोठ्यानं बोललो. बाळं उठली. मग मोर्चा सोडून सगळे पाळणे हलवत बसलो.

*

शेवटी ठरलं, परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांपुढं मी भाषण करायचं. सात दिवस म्हशीपुढं पाठ केलं.

त्या दिवशी एका पोरीच्या वाट्याला जबड्याची पट्टी आली, आणि पेशंट म्हणून मी. बांधली पण काय झकास! साहेबांनी तपासल्याशिवाय सोडायची नाही, असा मेट्रनबाईंचा हुकूम. साहेब तर आधी बाळंतिणीकडं वळले. मी नुसता "हं, हं" करतोय. साहेब म्हणाले, "याला फार दुखतंय वाटतं."

तिकडं सोनाबाई कण्हत होती. परीक्षेची पोरगी बाळ घ्यायला वाकली. बाळ येईना. पोरगी घामाघूम. मेट्रनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "सोनाबाई, सोड की."

सोनाबाईनं चादरीखाली बाळ घट्ट धरलेलं. "न्हाई बाई. मी हितं टेंपरवारी हाय. बाळ सोडलं की उद्या मला घरी धाडताल. आदी कायम करा, मंग बाळंत हुते."

पोरगी रडकुंडीला आली. साहेबांनी मेट्रनबाईंकडं पाहिलं, मेट्रनबाईंनी छताकडं. साहेबांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत शब्द दिला. मग बाळ आलं. पोरगी पास.

*

दिवाळीच्या आत ऑर्डर आली. सोनाबाईनं सगळ्यांना चहा पाजला. भाषण माझ्या पोटात तसंच होतं, ते मी उभा राहून सगळं म्हटलं. शेवटी विचारलं, "सोनाबाई, खरं सांग, युनियन नसती तर तू कायम झाली असतीस का?"

तिनं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली.

"युनियन हुतीच की, अध्यक्ष. तुमचं त्वांड तेवढं आदीच बांधाया पायजे हुतं."