फोकस, डिस्ट्रॅक्शन आणि खारघरची मीटिंग

माझा धंदा मंडप आणि लायटिंगचा. हळदीचा मांडव असो की क्रिकेटच्या मॅची, बांबूला जो मोठा दिवा बांधतात त्याला आमच्या गावात फोकस म्हणतात. त्यामुळे इंग्लिशच्या क्लासमध्ये मॅडमनी फळ्यावर ‘फोकस’ लिहून हा शब्द कोणाला माहीत आहे असं विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी हात माझा वर गेला. मी म्हणालो, माझ्याकडे चाळीस आहेत. पोरं इतकी हसली की मॅडमना खडू खाली ठेवावा लागला.

मी पन्नाशीत त्या क्लासला कसा पोचलो, तेही सांगतो. आदल्या वर्षी खारघरच्या एका मोठ्या सोसायटीने नवरात्रीच्या कामासाठी मला मीटिंगला बोलावलं होतं. सगळी बोलणी इंग्लिशमध्ये. मी आपला मान डोलवत बसलेलो. शेवटी सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, “डू यू माइंड शिफ्टिंग द स्टेज?” स्टेज हलवायचं, एवढं मला कळलं. मी उत्साहाने “येस, येस” म्हणालो. काम दुसऱ्याला गेलं. घरी मुलीला हे सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारून घेतला. ते विचारत होते, स्टेज हलवायला तुमची हरकत आहे का. आणि मी दोन-दोनदा ‘हो, आहे’ सांगून आलो होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी नाव घातलं. बायको म्हणाली, “या वयात इंग्लिश शिकून कोनाला दाखवनार हाय?” मी वही घेऊन निघालो.

क्लास खांदेश्वर स्टेशनजवळ, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत, दुपारी तीन ते चार. मॅडम जेमतेम पंचविशीच्या. मूळ साताऱ्याकडच्या, वडील मार्केटात माथाडी, राहायला सानपाड्याला. त्या मला काका म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम. पण काका म्हणून सूट काही मिळाली नाही. आत शिरताना सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. माझा फोन पहिल्या दिवशी डब्यात नऊ वेळा थरथरला. डबा टेबलावर सरकायला लागला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “काका, याला म्हणतात डिस्ट्रॅक्शन.” लक्ष दुसरीकडे खेचून नेतं ते.

हा शब्द माझ्या तोंडात बसेना. मी डिस्ट्रक्शन म्हणायचो. मॅडमनी सांगितलं की त्याचा अर्थ विध्वंस. मग मी वहीत लिहून ठेवलं, ‘मधला ट्रॅ तोंड उघडून.’ गाडी चालवताना सिग्नलला घोकायचो. बाजूचा रिक्षावाला एकदा बराच वेळ बघत राहिला.

एकदा गृहपाठ मिळाला: दिवसभरात काय काय डिस्ट्रॅक्शन होतं त्याची यादी करा. मी प्रामाणिकपणे केली. पहिलं, गिऱ्हाइकांचे फोन. दुसरं, शेजाऱ्याचा चहा. तिसरं, बायको जेवायला हाक मारते. वही टीव्हीपाशी राहिली आणि मुलीने ती आईला मोठ्याने वाचून दाखवली, मराठी अर्थासकट. दुसऱ्या दिवशी मला कोणी हाक मारली नाही. दोन वाजले, अडीच वाजले. शेवटी मी स्वतः स्वयंपाकघरात गेलो, तर भांडी घासून पालथी घातलेली. उपाशीच क्लासला गेलो आणि तासभर समोर मला वाक्यांऐवजी भाकरी दिसत होती. मॅडमना कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी लाल पेनने तिसरा मुद्दा खोडला. त्या रात्री मी ती खोडलेली ओळ बायकोला दाखवली. तिने ताट वाढलं, पण पापड दिला नाही.

मग ‘गोल’ आला, म्हणजे ध्येय. प्रत्येकाने उठून आपला गोल सांगायचा. एकाला कॅनडाला जायचं होतं, एका मुलीला नर्सिंगची परीक्षा द्यायची होती. मी उठलो आणि म्हणालो, “माय गोल इज अंडरस्टँड मीटिंग.” मला वाटलं पुन्हा हसतील. कोणी हसलं नाही. मॅडमनी वाक्यातला राहिलेला ‘टू’ घातला आणि विचारलं, की मीटिंगमध्ये कळत नाही तेव्हा तुम्ही काय करता? मी म्हणालो, मान डोलवतो.

“मान डोलवायची नाही काका. ‘प्लीज से इट अगेन’ म्हणायचं. त्यात लाज कसली?”

तीस वर्षांच्या धंद्यात मी कोणाला ‘परत सांगा’ म्हटलं नव्हतं. न कळल्याचं दाखवलं की गिऱ्हाईक जातं, असंच मला वाटायचं. मॅडमनी ते वाक्य माझ्याकडून आठवडाभर वदवून घेतलं.

या वर्षी त्या सोसायटीच्या मीटिंगला मी आपणहून गेलो. खजिनदार होत्या एक सत्तरीच्या मल्याळी बाई. त्या माझ्याकडे बघून भरभर काहीतरी बोलल्या आणि थांबल्या. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मान हलायलाच लागली होती, ती मी आवरली आणि म्हणालो, “प्लीज से इट अगेन.”

बाईंनी चष्मा काढला आणि सावकाश पुन्हा सांगितलं. मुलांच्या परीक्षा आहेत, तुमचे लाइट्स त्यांना डिस्ट्रॅक्शन होणार नाहीत ना? तो शब्द मला लख्ख ऐकू आला.

“नो डिस्ट्रॅक्शन, मॅडम,” मी म्हणालो. “ऑल फोकस डाउन. नॉट इन विंडो.” एवढ्याने भागेना, म्हणून कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं: खांब बुटके, दिव्यांची तोंडं जमिनीकडे, बी विंगकडे पडदा. बाईंनी चित्र सगळ्यांकडे फिरवलं. काम मला मिळालं. बी विंगच्या बाजूचे दोन दिवे मात्र पहिल्या संध्याकाळी तीनदा फिरवावे लागले.

अष्टमीला मी मॅडमना गरबा बघायला बोलावलं. त्या आईला घेऊन आल्या. मी पुढच्या रांगेत खुर्च्या दिल्या. मॅडम पाणी आणायला गेल्या तशी आई माझ्याकडे सरकली. पोरीने कंपनीतली चांगली नोकरी सोडून हा क्लास काढला, तेव्हापासून घरात कुणी तिच्याशी धड बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमचे सगळ्यांचे गोल विचारणाऱ्या त्या मुलीला तिचा गोल आम्ही कोणी विचारला नव्हता.

“खरं सांगा भाऊ,” त्या म्हणाल्या, “नीट शिकवतीया का ती?”

मी त्यांना वर्षभरातलं सगळं सांगितलं, ती ‘येस, येस’ची गोष्टसुद्धा. त्या हसल्या नाहीत. लक्ष देऊन ऐकत होत्या. लेक पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आली, तेव्हा त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “बस गं. दमली असशील.”